‘नाही’ म्हणू शकेल असा नमुना

नमुना पास झाला की माल निघणारच, असं आमच्या धंद्यात सगळे धरून चालतात. व्यापारी धरतो, डिझाइन काढणारा धरतो, मागमालक तर धरतोच. या एका समजापायी बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या आमच्या शेडमधले पेटीचे माग ऐन हंगामात अडकून पडलेले मी पाहिले आहेत. रंगवलेलं सूत पोत्यांत पडून राहिलेलं पाहिलं आहे आणि विणणाऱ्यांच्या हातात आठवड्याची मजुरी निम्मीच पडलेली पाहिली आहे. त्यानंतर नवं डिझाइन मागावर चढवण्याआधी तपासायची एक रीत मी बसवली. ती माझी नव्हे, निर्णयशास्त्राची आहे. पुस्तकांत ती गणिताच्या चिन्हांत लिहिलेली असते, पण शेडमध्ये वापरायला बेरीज, गुणाकार आणि थोडा धीर एवढंच लागतं. ज्यांच्याकडे बाहेरून डिझाइन येतं आणि ‘करून द्या’ म्हटलं जातं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

माग अडकवणारी ती ऑर्डर चौकडीच्या नॅपकिनची होती. शहरातल्या एका पेढीचं डिझाइन, मधे एक व्यापारी, विणाई आमची. पांढऱ्या जमिनीवर निळ्या रेषांची चौकडी. उभी रेषा एका धाग्याची, आडवीही एकाच धाग्याची. उभा ताणा आणि आडवा बाणा दोन्हीला २० नंबरचं सूत, इंचाला ताण्याचे ५६ तार आणि बाण्याचे ७२ पिक, म्हणजे ७२ आडवे धागे. सोबत हातमागावर विणलेला वीतभर तुकडा. तुकडा खरोखर देखणा होता. माझे काका, व्यापारी, माग लावणारे जॉबर सगळ्यांनी तो बोटांत धरून पाहिला. जॉबर म्हणाले, ‘हो जाएगा.’ दुसऱ्या दिवशी सुताची मागणी गेली.

आता हे डिझाइन आमच्या मागावर का होणार नव्हतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बऱ्हाणपुरातले बहुतेक माग एका धोट्याचे, कोरं कापड काढणारे. बाण्यात दुसरा रंग हवा असेल तर पेटीचा माग लागतो. मागाच्या एका बाजूला एकाखाली एक खणांची पेटी असते, प्रत्येक खणात वेगळ्या रंगाच्या कांडीचा धोटा, आणि पेटी वर-खाली होऊन हवा तो धोटा समोर आणते. दुसऱ्या बाजूला मात्र एकच खण. निळा धोटा उजवीकडून निघून डावीकडे गेला की तिथला एकुलता एक खण त्याने अडवला. तो परत उजवीकडे येईपर्यंत पांढऱ्याला वाट नाही. एक पिक जाताना, एक पिक येताना. त्यामुळे अशा मागावर प्रत्येक रंग दोन, चार, सहा अशा सम पिकांतच पडतो. एका पिकाची आडवी रेषा पडत नाही. जॉबर कितीही कसबी असला तरी नाही. हातमागावर विणकर निळा धोटा एकदा टाकतो, हातानेच बाजूला ठेवतो आणि पांढरा उचलतो. त्याला पेटीची अट नाही. म्हणून नमुन्यात ती रेषा इतकी सुबक आली होती.

दुसरी अडचण दाटपणाची. सुती कापडासाठी मँचेस्टरच्या शर्ली संस्थेतल्या एफ. टी. पीअर्स यांनी १९३७ साली कापडाची भूमिती मांडली. तिच्यातला एक हिशोब प्रत्येक मागमालकाने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. इंचातल्या धाग्यांच्या संख्येला सुताच्या नंबराच्या वर्गमुळाने भागायचं. जो आकडा येतो त्यावरून धाग्यांनी किती जागा झाकली ते कळतं. धागे एकमेकांना अगदी चिकटून बसले तर तो २८ होतो. २० चं वर्गमूळ ४.४७. ताण्याचे ५६ तार म्हणजे १२.५. बाण्याचे ७२ पिक म्हणजे १६.१. साध्या विणीत प्रत्येक बाण्याच्या धाग्याला प्रत्येक ताराच्या वरून-खालून जायचं असतं, त्यासाठी जागा लागते. दोन्ही बाजूंनी इतकं दाट कापड जाड ताडपत्रीसाठी बनवलेल्या भक्कम मागावर बसवता येतं, पण आमच्यासारख्या हलक्या मागावर ते त्रास देणार, हे सूत रंगवण्याआधी दोन मिनिटांत कळलं असतं. तेच पिक ६० केले तर आकडा १३.४ वर येतो आणि माग सुखाने चालतो.

मागावर झालं ते असं. ताण्याचं बीम चढलं, पहिला हात कापड निघालं, आणि फणीच्या ठोक्याचा आवाज बदलला. ज्याने मागाजवळ आयुष्य काढलं आहे त्याला हा आवाज लगेच कळतो. बाण्याचा धागा जागेवर जाऊन बसेना. ठोका पडला की विणलेलं कापडच पुढे सरकायचं आणि सैल पडायचं. ताण वाढवला तर तार तुटू लागले. ताण कमी केला की पिक पातळ. आडवी रेषा दोन पिकांची झाली, उभी एकाच ताराची राहिली, त्यामुळे चौकडी डोळ्याला आडवी ताणल्यासारखी दिसू लागली. दिवस मार्च सरतानाचे. तापीच्या खोऱ्यात त्या दिवसांत हवा किती कोरडी होते ते इथल्या माणसाला सांगायला नको. सुती विणाईला शेडमध्ये ७५-८० टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो. तो नसला की खळ दिलेला तार कडक होतो आणि तुटतो. पेढीने माल नाकारला. त्यांच्या बाजूने ते चूक नव्हतं, त्यांना दाखवलेला नमुना वेगळा होता.

या सगळ्यात कोणी खोटं बोललं नव्हतं, कोणी आळस केला नव्हता. काका चाळीसेक वर्षांचे अनुभवी, जॉबर त्यांच्याहून जुने. गडबड माणसांत नव्हती, प्रश्नात होती. सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘हे होईल का?’ या प्रश्नाला धंद्यात एकच उत्तर येतं. समोर व्यापारी बसलेला असतो, माग मोकळे असतात, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याकडे सगळे वळून बघतात.

निर्णयशास्त्र वेगळा प्रश्न विचारायला लावतं. आपल्यापुढे पर्याय कोणते, प्रत्येक पर्यायात काय काय घडू शकतं, त्यातलं प्रत्येक घडलं तर हाती काय उरतं, आणि ते घडेल याची आपल्याला किती खात्री आहे? या विचाराला काटेकोर रूप देणाऱ्यांत अब्राहम वाल्ड यांचं नाव पहिल्या रांगेत येतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत त्यांनी मालाची तपासणी टप्प्याटप्प्याने कशी करावी आणि कुठल्या टप्प्याला थांबावं याचं गणित मांडलं. १९५० साली निर्णयाच्या गणितावरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्याच वर्षी ते भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानांसाठी इथे आले आणि डिसेंबरमध्ये निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून पत्नीसह गेले. ज्या माणसाच्या विचाराने कारखान्यातल्या लहानात लहान निर्णयाला आधार मिळाला, त्याचा शेवट आपल्या मातीत झाला. आपल्याकडे त्यांचं नाव इतकं थोडं माहीत असावं याचं मला वाईट वाटतं.

आता हिशोब. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. समजा ऑर्डर नीट उतरली तर २० हजार सुटतात. नाही उतरली तर रंगीत सूत, वाया गेलेली विणाई आणि त्या दिवसांत मागावर निघालं असतं ते नेहमीचं काम, असं मिळून ९० हजारांचा फटका. ऑर्डर घेतलीच नाही तर नफा नाही, तोटाही नाही. या आकड्यांवर ऑर्डर घ्यायला किती खात्री हवी? ९० ला ११० ने भागा. साधारण ८२ टक्के. म्हणजे ‘बहुतेक होईल’ एवढ्यावर घेण्याची ही ऑर्डर नाही. दहापैकी सात वेळा होईल असं वाटत असेल, तर सात वेळांचे २०-२० हजार आणि तीन वेळांचे ९०-९० हजार यांची वजाबाकी करून सरासरी १३ हजारांचा तोटा हाती येतो. हे गणित कागदावर मांडल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही. मनात आपण नेहमी नफ्याचा आकडा पकडून बसतो आणि तोट्याचा आकडा ‘बघू’ म्हणून सोडून देतो.

आणि इथे नमुन्याचा खरा मुद्दा येतो, ज्यासाठी मी हा सगळा लेख लिहितो आहे. सात आणि तीनच्या शंकेवर चाचणी घ्यावी का? घ्यावी, पण कुठली? हातमागावरच्या नमुन्याचं पाहा. जे डिझाइन आमच्या मागावर होणारं आहे, ते हातमागावर जवळजवळ नेहमीच उतरतं. १०० पैकी ९५ वेळा म्हणू. पण जे आमच्या मागावर होणारं नाही, तेही हातमागावर ९० वेळा उतरतंच. मग नमुना पास झाल्याने आपल्याला नवीन काय कळलं? ७० टक्क्यांची खात्री ७१ झाली. ८२ ची रेषा तशीच दूर. नमुना नापास झाला तर ऑर्डर सोडायची, पास झाला तरी या हिशोबाने सोडायचीच. निर्णय कुठल्याच बाजूला हलत नाही, म्हणून त्या नमुन्याची किंमत शून्य, मग तो फुकट मिळालेला का असेना. उलट तो घातक ठरतो, कारण बोटांत धरलेला सुंदर तुकडा माणसाला ७१ च्या जागी ९९ ची खात्री देतो.

आता दुसरी चाचणी घ्या, आपल्याच पेटीच्या मागावरची. होणारं डिझाइन तिथे १०० पैकी ९० वेळा पास होतं, न होणारं फक्त २० वेळा. ही पास झाली तर खात्री ७० वरून ९१ वर जाते, रेषा ओलांडते, ऑर्डर घेता येते. नापास झाली तर सोडता येते. वरच्याच आकड्यांनी मांडलं तर या चाचणीची किंमत सरासरी ७,२०० रुपये भरते. तिला पाच-सहा हजार खर्च येत असेल तरी ती करावी. दहा हजार येत असेल तर ऑर्डरच सोडावी. चाचणी कितीही चांगली असली तरी तिलाही एक वरची मर्यादा असते, हेही या गणितातूनच कळतं.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात आग्रहाचा सल्ला हा: नमुना हातात आला की आधी विचारा, हे डिझाइन आपल्याकडे होणारं नसतं, तर हा नमुना बिघडला असता का? ‘नाही, तरी असाच आला असता’ असं उत्तर असेल, तर तो तुकडा कापडाचा पोत आणि रंग ठरवायला ठेवा, होईल की नाही हे ठरवायला वापरू नका.

आपल्या मागावरची चाचणी म्हणजे नवं बीम भरा असं नाही. उतरत आलेल्या बीमची शेवटची काही मीटर शिल्लक असतात. फणी आणि ताण्याचा नंबर जवळचा असेल तर त्यावर नवा बाणा घालून पाहता येतं. पिक बसतात का, पेटीच्या उड्या जमतात का, रेषा किती जाड येते, हे सगळं तिथे दिसतं. उभ्या रेषांचं आणि नव्या खळीचं मात्र त्यातून काही कळत नाही, हे विसरू नये. चाचणी पूर्ण वेगावर घ्यावी. जॉबर शेजारी उभा राहून माग हळू चालवत असेल तर ती पुन्हा हातमागासारखीच होते. आणि ती दुपारी घ्यावी, सकाळी पाणी मारून शेड ओलसर असताना नव्हे. ज्या वेळी माग जास्तीत जास्त कुरकुरतो त्याच वेळी त्याला विचारलं पाहिजे.

खात्रीचा आकडा आणायचा कुठून, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तो ज्यांचे हात मागाला लागतात त्यांच्याकडे असतो. फक्त नीट मागावा लागतो. नॅपकिनच्या प्रकरणानंतर एकदा मी त्याच जॉबरना वेगळं बसवून विचारलं, ‘चाचा, असे दहा बीम लावले, तर किती नीट उतरतील?’ त्यांनी डिझाइनचा कागद उलटा-सुलटा केला, पिकांवर बोट ठेवलं, थोडा वेळ गप्प राहिले. ‘चार. बहुत हुआ तो पाँच.’ याच माणसाने आधी ‘हो जाएगा’ म्हटलं होतं, आणि तेव्हाही त्यांच्या मनात बहुधा चार-पाचच असणार. ‘होईल का’ या प्रश्नात त्यांची इज्जत पणाला लागत होती. ‘दहापैकी किती’ यात त्यांचा अनुभव बोलला. हा प्रश्न जॉबर, विणणारा, खळ देणारा आणि घडी घालणारा यांना वेगवेगळं बसवून विचारावा, मालकाने आपला आकडा आधी सांगू नये, आणि उत्तरं वहीत तारखेसह लिहावीत. घडी घालणाऱ्याला लोक विचारतच नाहीत, पण माल परत येतो तेव्हा दोष त्याच्याच टेबलावर सापडतात. वर्षभराने वही उघडली की कोणाचे सात खरोखर सात असतात आणि कोणाचे नऊ निम्मे भरतात ते दिसतं. त्या माणसाला कमी लेखायला ती वही नाही. पुढच्या वेळी त्याच्या नवाला किती धरायचं ते कळायला आहे.

आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरत नाही. डिझाइनमध्ये पाच अटी असतात: दाटपणा, रंगांची संख्या, रेषेची जाडी, पन्हा, किनार. प्रत्येक अट १०० पैकी ९० वेळा जमेल असं म्हटलं की सगळं डिझाइन ९० टक्के सुरक्षित वाटतं. पण पाचही एकाच वेळी जमायला हव्यात. ९० टक्के पाच वेळा गुणले की उरतात ५९. अर्थात अटी एकमेकींपासून अगदी सुट्या नसतात. कोरडी हवा तारही तोडते आणि किनारही बिघडवते, म्हणून ५९ हा काही देवाचा शब्द नव्हे. पण ‘सगळं साधारण जमेल’ असं वाटलं की मी थांबतो आणि गुणाकार करतो.

हो आणि नाही या दोनच दारांत उभं राहू नये. सर्वांत चांगला पर्याय बहुतेक वेळा तिसरा असतो: डिझाइन बदलून मागणं. अमेरिकेत जेफ्री बूथरॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट यांनी जोडणीच्या वस्तूंसाठी पद्धत बसवली, तिच्यात प्रत्येक भागाबद्दल विचारलं जातं की हा भाग वेगळा असायलाच हवा का. कापडात हाच प्रश्न प्रत्येक रंगाबद्दल विचारावा. एक रंग कमी झाला की एक धोटा कमी, पेटीची एक उडी कमी, अडकण्याची एक जागा कमी. आडव्या रेषेला एकच पिक हवा असा हट्ट कशासाठी? दोन पिकांना बारीक सूत आणि ताण्यातली उभी रेषाही दोन तारांची केली तर चौकडी पुन्हा चौकोनी दिसते. ७२ च्या जागी ६० पिक चालतील का? मिनिटाला १२० पिक धरले तर ७२ पिकांचा मीटर न थांबता २४ मिनिटांच्या आसपास घेतो, ६० पिकांचा २०. पेढीला हे सांगितलं तर दरातली सवलतही देता येते. शहरातल्या डिझाइन करणाऱ्यांना हे कळत नाही असं मला वाटत नाही. त्यांना कोणी विचारत नाही, सांगत नाही. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याने बऱ्हाणपूरच्या पारदर्शक मलमलीबद्दल लिहून ठेवलं आहे की ती इराण, तुर्कस्तान, पोलंड, अरबस्तान, कैरोपर्यंत जायची. ते कापड ज्याच्या डोक्यात घडत होतं तो कारागीर मागापासून फार लांब नसणार. आज डिझाइन पडद्यावर जन्मतं आणि विणकर शेकडो मैलांवर असतो. मधली वाट चिठ्ठीने आणि फोनने भरून काढावी लागते.

तिसरा पर्याय शोधताना मी जपानी अभियंते गेनिची तागुची यांची आठवण ठेवतो. १९५४-५५ मध्ये ते प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत पाहुणे म्हणून राहिले होते. हवा, सूत आणि हात बदलले तरी फारसं न बिघडणारं डिझाइन निवडा, असं त्यांच्या कामाचं सार सांगता येईल. मेमध्येही चालेल आणि जुलैमध्येही चालेल असा ६० पिकांचा चौकडा, फक्त जुलैमध्ये चालणाऱ्या ७२ पिकांच्या चौकड्यापेक्षा मी केव्हाही आधी सुचवीन.

ऑर्डर घेतली, तरी निर्णय संपत नाही. वाल्डकडून शिकण्यासारखी गोष्ट ही की थांबायची जागा आधी लिहून ठेवावी. सगळं रंगीत सूत एकदम मागवू नये. एका बीमपुरतं मागवावं. पहिलं बीम चालू होण्याआधी ठरवावं, तासाला किती तारतूट झाली म्हणजे माग बंद करायचा, आणि किती मीटरनंतर कापड पेढीला दाखवायचं. हे आधी लिहिलेलं नसेल तर माग चालू झाल्यावर कोणी थांबवत नाही. ‘आता इतकं सूत गेलंच आहे तर’ हे वाक्य शेडमध्ये ऐकू आलं की समजावं, गेलेल्या पैशांच्या मागे राहिलेलेही जाणार. गेलेलं सूत दोन्ही पर्यायांत गेलेलंच असतं; पुढच्या मीटरला काय मिळणार, एवढंच मोजायचं.

आता एक गोष्ट जी या शास्त्राच्या अनेक पुस्तकांत पातळ होऊन जाते. तोटा कोणाचा मोजायचा? ९० हजारांचा फटका शंभर मागांच्या मालकाला एका महिन्याची अडचण आहे. चार मागांच्या मालकाला तो माग विकायला लावू शकतो. डॅनिएल बर्नुलीने १७३८ मध्येच दाखवून दिलं होतं की तोच पैसा गरिबाला आणि श्रीमंताला सारखा जड नसतो. म्हणून लहान शेडवाल्याने सरासरी नफ्यावर न भुलता आधी विचारावं, वाईटात वाईट झालं तर मी उद्या धंद्यात असेन का? उत्तर ‘नाही’ असेल तर ८२ काय, ९५ टक्के खात्रीही पुरेशी नाही. जॉबवर्कमध्ये सूत व्यापाऱ्याचं असतं, त्यामुळे मागमालकाचा फटका लहान दिसतो आणि तो पटकन होकार देतो. पण व्यापाऱ्याचा फटका मोठा असतो, आणि विणणाऱ्याचा तर हिशोबातच नसतो. विणणाऱ्याला मजुरी पिकावर मिळते. इचलकरंजीत तर ५२ पिकांच्या कापडाला धरून मजुरीचे दर बोलले जातात, इतकी ही गोष्ट धंद्यात मुरलेली आहे. मागाने तार तोडला की त्याचे हात दुप्पट चालतात आणि पैसे निम्मे येतात. अवघड डिझाइनचा सगळ्यात मोठा धोका तोच उचलतो, आणि होकाराच्या वेळी तो खोलीत नसतो. माझ्या मते चाचणीच्या दिवसांची मजुरी पिकावर न देता हजेरीवर द्यावी आणि तो खर्च चाचणीच्या खर्चात धरावा. असं केलं नाही तर आणखी एक नुकसान होतं: विणणारा चाचणी लवकर उरकतो, त्रास सांगत नाही, आणि ज्या चाचणीला आपण सगळ्यात भरवशाची समजत होतो तीही ‘नाही’ म्हणायची थांबते.

हीच रीत कापडाबाहेरही चालते. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत आमच्या जिल्ह्याचं उत्पादन केळी. घड उतरल्यावर उभ्या राहिलेल्या खोडातून धागा काढून चटया, पिशव्या, टोपल्या करणारे महिलांचे गट इथे आहेत. त्यांच्याकडेही आता बाहेरून डिझाइनं येतात, सगळ्या पिशव्यांचा रंग आणि जाडी एकसारखी हवी म्हणून. खोडाच्या बाहेरच्या सालीचा धागा जाड आणि काळपट, आतला बारीक आणि उजळ. एकाच खोडातून दोन्ही निघतात. एका कुशल बाईने सावकाश निवडून केलेली एक पिशवी हा तिथला हातमागाचा नमुना. पाच जणींनी एका आठवड्यात, न निवडलेल्या धाग्यातून केलेल्या दहा पिशव्या, ही चाचणी. मी त्यांना दुसरी करायला सांगतो आणि त्या आठवड्याचे पैसे पेढीकडून आधी घ्यायला सांगतो.

पेढीकडे पैसे मागताना संकोच होतो, ऑर्डर हातची जाईल असं वाटतं. म्हणून आता मी ऑर्डरच्या चिठ्ठीवरच चार ओळी लिहून घेतो. नमुना कोणत्या मागावर निघाला. चाचणी किती मीटरची आणि तिचा खर्च कोणाचा. चाचणीत जे कापड निघेल तेच पुढच्या मालाचं माप, हातमागाचा तुकडा नव्हे. आणि पहिल्या बीमनंतर दोन्ही बाजूंना थांबायची मुभा. काही पेढ्या ही चिठ्ठी पाहून दुसरीकडे जातात. ज्या राहतात त्या डिझाइन करणाऱ्यालाच फोनवर घेतात, आणि बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांतच ७२ चे ६० होतात.